वरची

माझं अक्षर चांगलं,
म्हणून मुकादमानं हजेरीची वही माझ्याकडं दिली.
रोजचे वीस रुपये, आणि डागी संत्री वाटतील तेवढी.
तीन रकाने त्यानं स्वतःच आखलेले:
गडी. बाया. वरच्या.

वरच्या म्हणजे मेळघाटातून उतरलेल्या,
आंबिया बहार संपेस्तोवर शेडमागं पाल ठोकून राहणाऱ्या.
गड्याला चारशे, बाईला दोनशे,
वरचीला दीडशे.
गड्यांची नावं आडनावासकट लिहायची,
बायांची नुसती नावं,
वरच्यांना नंबर.

कॅरेट मात्र सगळ्यांचं वीस किलोचंच.
डेखापाशी साल फाटली की संत्रं बाहेर,
मग ते कोणाच्याही हातचं असो.

त्या मंगळवारी बाबाची कंबर धरली.
गाडी रात्रीच बेनोड्याहून निघायची होती.
माय पदर खोचून फळीवर चढली.
एकशे चौदा कॅरेट. मी मोजले.
खालून उचलून द्यायला वरची चार नंबर होती.
दोघी बोलल्या नाहीत.
एकीचा श्वास सुटला की दुसरीनं धरायचा, असं चाललं होतं.

संध्याकाळी गड्यांच्या रकान्यात मी लिहिलं:
दुर्पता सुखदेव तायडे, चारशे.

मुकादमानं चष्मा पुसला, लाल पेन काढला,
आडवी रेघ मारली आणि रेघेवर सही केली.
खाडाखोड असली की सही लागते म्हणे.
"काहून वं पोरी, बाई कवाची गडी झाली?"
अख्खी शेड हसली.
मायही थोडी हसली,
ते मला रेघेपेक्षा जास्त लागलं.

घरी बाबा भिंतीकडं तोंड करून पडलेला.
कोणीतरी आधीच येऊन सांगून गेलं होतं.
"माह्याएवढे लिवले तू तिले?"
बस, एवढंच.
मग भाकर अर्धीच खाल्ली त्यानं.
मायनं उरलेली झाकली,
दोनशेतले शंभर दादाच्या आयटीआयसाठी डब्यात टाकले,
साठ तेल-मिठाचे,
चाळीस बाबाच्या मलमाचे,
आणि माझ्या एसटीच्या पासचं पुढच्या हप्त्यात पाहू म्हणाली.
तो पुढचा हप्ता मी ओळखत होते.

सकाळी हौदावर हात धुताना चार नंबरनं विचारलं,
मायचे किती लिहिले होतेस?
चारशे, मी म्हणाले. जरा ताठ मानेनंच.
"अन् फुलयचे?"
मला वाटलं दुसऱ्या कोणाचं विचारते.
मग कळलं, तिचं नाव.

वही काखेतच होती. उघडली नाही.
आत काय आहे ते पाठ होतं मला:
चार नंबर, दीडशे.
वळणदार, ठळक अक्षर,
कुठं खाडाखोड नाही,
कोणाच्या सहीची गरज नाही.