बर्फवाल्यांचा संघ

हजेरीपुस्तकात आमची नावं होती
‘बर्फ फोडणारे’ या रकान्यात.
बर्फ आम्ही कधीच फोडला नाही.
सामन्याला चार रुपये, जिंकलो तर सहा,
हरलो की बाबलशेट काही बोलायचा नाही,
नुसता चष्मा पुसत बसायचा.

वेंगुर्ल्यात, बंदराच्या वाटेवर
जांभ्याचा चौथरा, शेणानं सारवलेला,
चेंडू आपटला की हिरवट ठसा उठायचा.
फळा म्हणजे फुटक्या मचव्याची फळी,
तिच्यावर अजून ‘दर्यादौ’ एवढी अक्षरं.
पिंपाचं कडं. आणि कड्याला जाळं
माझ्या बापानं रापणीच्या दोरानं विणलेलं.

धाकू आरोलकर माडावरून उतरून आलेला,
त्याच्या हातांना उंचीची सवयच होती.
इस्माईल सोलकर, लॉरेन्स सोज,
दोघे कुबल भाऊ, एकमेकांशी न बोलणारे,
पण पास मात्र न बघता द्यायचे.
मी सहावा. पाणी, पंप आणि गुणांची वही.

नारळी पौर्णिमा झाली आणि निघालो.
मालवण हरलं. रेडी हरली.
कारवारच्या लाँचीत लॉरेन्स रात्रभर ओकला,
सकाळी पेज पिऊन अठरा गुण केले.
येताना प्रत्येक धक्क्यावर कोणीतरी विचारायचं,
‘खेळूचे पैशे गावतत? खरा काय?’

शेवटचा सामना रत्नागिरीत,
चार गॅसबत्त्या, भिंतीवर बसलेली पोरं.
दुपारीच मी आमचं जाळं त्यांच्या कड्याला बांधलेलं,
बाबलशेटचा हट्ट.
तीस–एकोणतीस. आम्ही मागे.
धाकूनं चेंडू सोडला
आणि त्याच क्षणी त्या बाजूची बत्ती
फक्‌ करून गेली.

अंधारात पंच माझ्याकडे वळला.
बापाच्या जाळ्याचा आवाज मी ओळखतो,
भिजल्या दोराचा, सप्प असा.
तो आला.
खाडीवरचा वाराही सुटला होता तेव्हा.
मी वहीत दोन लिहिले.

शिमग्याआधीच कारखान्याला कुलूप लागलं.
सोलकर आफ्रिकेच्या बोटीवर चढला,
कुबल भावांनी होडी वाटून घेतली, म्हणजे विकली.
करंडकानं बाबलशेटची सून
काजू मापते, असं ऐकतो.

धाकू अजून भेटतो बाजारात,
गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला.
दर वेळी तेच, आवाज खाली करून,
‘गेल्लो मां रे तो?’
मी म्हणतो,
सहा रुपये मिळाले होते ना तुला.