सातवा भाग

गुडघा बदलून आल्यापासून सहा आठवडे
मी अ‍ॅरिझोनात राहते.
पत्ता तोच : वाशी, सेक्टर दहा, बी-टाइप,
तळमजला, खिडकीला कबुतरांची जाळी.

तोच मार्शल. तीच तपकिरी घोडी,
जिचं नाव मला येतं आणि नव्या शेजारणीचं येत नाही.
त्र्याण्णव साली केबलवाला पुंडलिक
रात्री साडेनवाला ही मालिका सोडायचा.
खालून पट्टी सरकायची,
'सेक्टर नऊच्या थकबाकीदारांची वायर कापण्यात येईल',
आणि पट्टीच्या वर कुणीतरी गोळी खाऊन पडायचं.

बाबांना संवाद निम्मेसुद्धा कळत नसत.
बैल कळत, त्यामुळे घोडेही.
आणि लांब कोपऱ्यात
रेल्वे कंपनीचा मोजणीदार दिसला, की पुढे सरकून बसत :
"तिपाई बघ त्याची. पाय रोवलेच नाहीत.
वाऱ्यानं हलणार. सगळा नकाशा वाकडा."
बावीस वर्षं सिडकोत साखळी ओढलेला माणूस.

फक्त सातवा भाग लागला की ते उठत.
विधवा दारात येते, मोजणीदार कागद पुढे करतो,
इथे. बरोबर इथे
स्वयंपाकघरात पिंपाचं झाकण वाजे.
तीनदा दाखवला तो भाग, तीनदा बाबांना तहान.
त्यांच्या मागोमाग मीही उठून चहाचं आधण ठेवी.
म्हणजे हा प्रसंग
मी कधी पाहिलेलाच नाही.
हे आत्ता लक्षात येतंय, पायाखाली उशी,
मार्शल अर्ध्या पापणीवर थांबवलेला.

कोपरखैरण्याच्या अलीकडे तेव्हा भात होतं,
पलीकडे मिठागरं.
बाबांनी एकदाच सांगितलं, तेही आईला,
मी झोपलेय असं समजून.
चांगुणाबाय नावाची बाई.
बांधावर साखळी टाकली तर शिव्या देईल, असं वाटलेलं.
ती म्हणाली, "जेव. मंग मोज."
भाकर, सुकट, कांदा.
आई म्हणाली, मग?
मग जेवलो.
मग?
मग मोजलं.

तो सर्व्हे नंबर आता कुठल्या सेक्टरात येतो
मी विचारलं नाही.
बी-टाइपमध्ये वाढलेल्या माणसाला
असले प्रश्न सुचत नाहीत, किंवा सुचतात
आणि तो उठून आधण ठेवतो.

बटण दाबते.
विधवा कागद घेत नाही. आत जाते.
बराच वेळ नुसतं दार.
जाहिराती खोळंबलेल्या असताना
एवढा वेळ दार कुणी दाखवू दिलं असेल?
मग ती येते, हातात पत्र्याचा पेला. कॉफी असावी.
मोजणीदार टोपी काढतो. उभ्यानंच पितो.
पेला परत द्यायचा धीर होत नाही त्याला,
तिपाईच्या खिळ्याला अडकवतो.

वारा सुटलाय. पेला हलतो, टिणटिण वाजतो.
मी चित्र मागे नेते, पुन्हा बघते,
पुन्हा मागे.
बाबा, ह्या भागात
पाय नीट रोवलेत त्यानं.

बेल. फिजिओवाली मुग्धा.
चपला काढता काढताच म्हणते, कालच्यापेक्षा सूज कमी आहे.
गुडघ्याला कोनमापक लावते,
"नव्वद," म्हणते,
आणि वहीत लिहून घेते.