सवलतीची ओळ

कणकवलीच्या शोरूममधला पोरगा सांगतोय:
गाडी कंपनीच्या नावावर,
तुम्ही फक्त चालवायची, तीन वर्षं.
आणि सरकारची सवलत?
ती मालकाला, काका. पण हप्त्यात धरलेली असते.

धरलेली असते.

जामसंड्यात सतरा वर्षं दुसऱ्याच्या कलमांवर
मोहोर बघून करार करत आलो.
फवारणीचं अनुदान सातबारावाल्याच्या खात्यात,
वास माझ्या अंगाला.
खोब्रेकर म्हणायचे, "धरलंय मा खंडात, बाळग्या!"
कुठे धरलंय, ते कागदावर कधी दिसलं नाही.

"वेगळी ओळ घाल," म्हटलं पोराला,
"सवलत इतकी, त्यातली माझी इतकी."
तो आत गेला. कोणाला तरी फोन.
बाहेर चार्जरला लावलेली पांढरी गाडी
हूं नाही की चूं नाही,
नुसती पीत होती.

परत आला तेव्हा हप्ता सातशेने उतरला होता.
ओळ मात्र नव्हती.

सही केली.
तारकर्लीची गिऱ्हाइकं ओळीसाठी थांबायची नाहीत.

आता देवगडचा उतार लागला
की पाय सोडतो, आकडा बघतो:
एक टक्का, कधी दीड, परत येतो.
उतरणीची कमाई बॅटरीत जमा.
बॅटरी कोणाच्या नावावर,
ते मी विचारलेलं नाही.