साल

गिरमिट फिरवलं की आधी साल लागते.
तांबूस, धाग्याधाग्यांची, काथ्यासारखी.
होड्यांच्या फटी हिनेच बुजवायचे, मामा म्हणतो.
मग एक करकर, ओल्या बिजागरीची,
आणि त्यानंतर लाकूड,
जे काहीच बोलत नाही.

सालीच्या आत साल.
गेल्या वर्षीचं, परारचं,
मग मामाच्या जन्माचं,
मग कुणाच्याच आठवणीत नसलेलं.
चिलीच्या दक्षिणेला, समुद्राकडच्या डोंगरावर,
भर पावसात दोन तास
आम्ही आळीपाळीनं दांडा फिरवला.
बाहेर आली ती एक काडी, पेन्सिलीहून बारीक.

"एवढ्या झाडातून एवढंच?"
अबेलार्दो रायमापो, वय त्र्याहत्तर.
याच उतारावर तरुणपणी त्यानं अलेर्से पाडले,
छपराच्या फळ्या चिरल्या, पाठीवर वाहून खाली नेल्या.
शहात्तर साली बंदी आली
तेव्हा कुऱ्हाड पुसून भिंतीला लावली.
झाड मारणं त्याला कळतं.
झाडाला चार गोष्टी विचारून उभं सोडून देणं
त्याला जरा चोरटं वाटतं.
भोकावर त्यानं अंगठा ठेवून बघितला.
झाकलं गेलं.
बरं, म्हणाला.

माझं काम पॉलिशपेपरचं.
ऐंशी नंबर, मग दोनशे, मग सहाशे,
शेवटी नुसता तळहात.
नाकावर रुमाल बांधते तरी धूळ जातेच.
तिच्यात स्पॅनिश जहाजांच्या आधीचे उन्हाळे असतात.
मी शिंकते.

दॉमिनिका भिंगाखाली मोजते,
एका मिलिमीटरचे शंभर भाग करून.
वाळल्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं, ती सांगते,
म्हणजे हे मातीतून नाही, हवेतून आलंय.
रुंद कडं असेल त्या वर्षी
जंगलानं मोठा घास घेतला.
दोन हजार दहाच्या पुढं मात्र कडी
अशी खेटून बसलीयेत
की मधे सुई जायची नाही.
ती बोलायची थांबते.
हीटर टकटकत राहतो.

आणि एक साल सापडतच नाही.
शेजारच्या अकरा झाडांशी ताडून पाहिलं.
एकोणसाठ आहे, एकसष्ट आहे,
मधे काही नाही.

फोन केला. मामा बराच वेळ गप्प.
"साठच्या मेमध्ये जमीन हलली.
समुद्र नदीतून वर आला,
आमची गाय कुणाच्या तरी छपरावर सापडली.
मी नऊ वर्षांचा.
आई दर वाढदिवसाला चौकटीवर माझी उंची कोरायची.
पुढच्या खेपेची रेघ आदल्या रेघेवरच पडली.
रेघ दिसत नाही
म्हणजे ते साल आम्ही काढलंच नाही,
असं लिहू नका तिथं."

रविवारी त्याच्याकडं छप्पर बदलत होते.
जुन्या फळ्या, राखाडी, पातळ, चुलीशी रचलेल्या.
मी एक उचलली.
वीतभर रुंदीत रेघाच रेघा.
शेकडो उन्हाळे ओढून घेतलेली हवा,
मग घरावर बसून झेललेला इतका पाऊस,
आणि आता एका संध्याकाळी
धुराड्यातून परत,
किटलीभर पाण्यासाठी.

मामानं चुलीचं दार उघडून धरलं होतं.
एकशे अठ्ठ्याण्णव, एकशे नव्व्याण्णव...
"मोज की, पण उजेड जातोय."
दोनशे बारावर मी चुकले.

त्यानं फळी माझ्या हातून घेतली,
खिडकीकडं केली,
चष्मा शोधला, सापडला नाही,
आणि अंगठ्याच्या नखानं कडेपासून
स्वतःच सुरुवात केली.