डोना झेनाइदचे दोन बोके

शटर अजून अर्धंच वर होतं
तेव्हा डोना झेनाइद आल्या.
एक पिंजरा प्लास्टिकचा,
दुसरा म्हणजे पपईचं खोकं,
त्यावर शिवणयंत्राचं झाकण दोरीनं आवळलेलं.
"खोक्यातला घ्या," म्हणाल्या, "सार्जेंतोला.
गल्लीला हा नकोय."

सार्जेंतो, वय नऊ, एक कान फाटका,
हिरड्या लालभडक, वजन एका कोंबडीचं.
गेल्या महिन्यात त्याच्या रक्ताच्या पट्टीवर रेघ उमटली
आणि डॉक्टर मिर्तेस सोप्या भाषेत बोलून गेल्या:
मांजरांचा एड्स.
दोनच शब्द. झेनाइदच्या आधी घरी पोचले.
शेजारच्या एव्हाल्दोनं पायरीवर ब्लीच ओतलं.
बेकरीवाला सुटे पैसे हातात न देता
काउंटरवर सरकवू लागला.
सून जुसारा, सहावा महिना,
न जेवता माहेरी निघून गेली.

मी इथं फक्त औषधं मोजून देतो.
पण एवढं मला झोपेतही सांगता येईल:
तो विषाणू मांजरांतच जन्मतो, मांजरांतच मरतो.
चावला, बोचकारलं, ताटली चाटली,
तरी माणसाच्या रक्तात त्याच्यासाठी पाट मांडलेला नाही.
मांजरांच्या ल्युकेमियाचंही तेच.
दोन दिवसांत अख्खं वेत नेणाऱ्या त्या हगवणीचंही.
मी हे सांगत होतो, आणि झेनाइद
खोक्याकडे न बघता मान हलवत होत्या.

"आणि हा?" डॉक्टरांनी प्लास्टिकचा पिंजरा उघडला.
"तो फारोफा. घरी एकटा राहत नाही, म्हणून आणला."
नारिंगी, गुबगुबीत, गल्लीचा जावई.
एव्हाल्दोच्या नातीच्या मांडीवर दुपारची झोप.
नाकाच्या शेंड्यावर वाटाण्याएवढी ओली जखम.
"ते होय? भांडणात लागलं. भरतच नाही मेलं."

डॉक्टर मिर्तेसनी हातमोजे चढवले.
मग त्यावर आणखी एक जोडी.
मग फारोफाला नाही,
झेनाइदना म्हणाल्या, "बाही वर करा."

तर्जनीवर फोड, दोन महिन्यांचा.
("सुई लागली होती हो, गणवेश शिवताना.")
तिथून मनगट, मनगटावरून कोपर,
कातडीखाली एकामागे एक गाठी,
कुणी जपमाळ आत ओवून ठेवावी तशा.

बुरशी. मातीतली, काट्यातली, कुजक्या फळीतली,
आता नोव्हा इग्वासूच्या बोक्यांच्या नखांतली.
स्पोरोट्रायकोसिस.
गल्लीच्या जिभेला हे नाव वळलं नसतं,
म्हणून तिला कुणी भ्यालं नाही.
चोर मांडीवर, फाशी संन्याशाला.

झेनाइद बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग, "म्हणजे आता याला सोडून येऊ?"

सोडायचं नाही. सोडला तर दहा जणांना देईल.
खोलीत कोंडा. रोज एक कॅप्सूल, फोडून, मासळीत कालवून.
जखम भरली तरी वर महिनाभर.
मेलाच, तर अंगणात पुरू नका, इकडे आणा,
माती विसरत नाही.
आणि तुम्ही आजच दवाखान्यात जा,
तुम्हालाही बहुतेक हेच औषध देतील.
"हेच? मांजराचं?"
हेच.
(इथं त्या पहिल्यांदा हसल्या.)
सुनेला तुमच्याकडून काही होणार नाही.
तिनं फारोफा बरा होईस्तोवर लांब राहावं,
बोक्यांची वाळू दुसऱ्यानं काढावी, रोजच्या रोज,
मांस नीट शिजवावं.
सार्जेंतोला खुशाल जवळ घ्या.

महिनाभर त्यांनी त्याला हात लावला नव्हता.
दोरी सोडताना गाठ सुटेना,
दातांनी सोडवली.

गुरुवारी दारात एव्हाल्दो,
चपलांना अजून ब्लीचचा वास,
पाठीमागे नात, गालावर लाल ओरखडा.
आत आला नाही.
टोपी हातात फिरवत तिथूनच विचारलं,
"तो बोका... म्हणजे, कोणता म्हणालात?"