थोरलं अक्षर

रायबंदरची शेवटची फेरीबोट सुटली तेव्हा
मी दिवाडीतच, आग्नेलच्या बेकरीत,
पिठाच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून.
वेबसाइट उघडत होती, पण उघडीवाघडी:
रंग नाहीत, कांकणं नाहीत,
पोयांच्या जागी तडकलेल्या चौकटी.

काहीही मागा, सर्व्हर मुखपृष्ठच पाठवायचा.
पंगतीत मीठ मागितलं
तरी भातच वाढणारा एखादा असतो, तसा.

मार्गांचा क्रम बदलला.
‘कुणीही आलं तर घरी न्या’ हा नियम
उचलून तळाशी टाकला.
रंग आले.
फोटो नाहीतच. लॉगमध्ये
चारशेचार, चारशेचार, चारशेचार.

भट्टी निवत आली. आग्नेलनं काही न बोलता
चहा ठेवला, एक उंडो.
दुसऱ्या घोटाला दिसलं:
फोल्डरच्या नावाचं पहिलं अक्षर थोरलं,
मी लिहिलेलं धाकटं.

मी ज्या लिपीत शिकलो
तिथं अक्षरांत थोरलं-धाकटं नसतं,
सगळी एकाच रेघेला लोंबकळतात.
हे सर्व्हरला कोण सांगणार?

एक अक्षर पुसलं, एक लिहिलं.
पाव आले, तांबूस, टम्म.
आग्नेल चष्मा पुसून स्क्रीनवर वाकला.
“हो कुशीन करपला मरे,” म्हणाला,
“फोटो बदल.”