हवेची वाटणी

चिलोएच्या एका बेटावर, लाकडी चर्चच्या घंटाघरात,
घंटेच्या वीतभर वर
एर्सिरा नाउएल्कीननं ठोकलंय एक पांढरं खोकं.
शिडी मी धरतो. बाकी सगळं तिचं.

त्या एका खोक्याला लागलीत सात ठिकाणं:
शाळा, दवाखाना, धक्का,
शिंपल्यांच्या शेतीवरचे दोन तराफे,
बार्रिया बहिणींचं दुकान,
आणि पार टोकाला, खाडीपलीकडं, आरायानच्या झाडीआड
म्हातारा आउसबेर्तो.

सातही जणांना वाटतं, खोकं फक्त आपल्याशीच बोलतंय.
एर्सिरा म्हणते, एकाच वेळी असं काही नसतंच रे,
असतो तो भराभर फिरणारा हात,
पंगतीतल्या वाढप्यासारखा.
पान रिकामं व्हायच्या आत पुन्हा समोर हजर.

तिच्या वहीत प्रत्येकाचा आकडा:
उणे अठ्ठावन्न, उणे एकाहत्तर, उणे ब्याऐंशी.
इथं सगळेच उण्यात.
जो कमी उणा तो जवळचा, इतकंच.

तराफे एकमेकांना ऐकू येत नाहीत, मधे टेकडी.
म्हणून दोघं एकदम तोंड उघडायचे
आणि खोक्यापाशी दोघांचाही चिखल व्हायचा.
तिनं सवय लावली: आधी विचारायचं, बोलू का?
'बोल' आलं तरच बोलायचं.
(माझ्या घरी ही सवय लावायला ती अजून आलेली नाही.)

फेब्रुवारीतल्या मोठ्या भरतीला
आउसबेर्तोचं घर वहीतून गेलं.
घर जागेवरच होतं, धूरही निघत होता.
पाणी चढलं की आरसा होतो, ती म्हणाली,
आपलाच आवाज त्यावर आपटतो,
जरा उशिरा पोचतो
आणि आधी पोचलेल्या आवाजाला पुसून टाकतो.
मी तबकडी वर सरकवायला निघालो.
खाली घे, ती म्हणाली. दीड हात.
घेतली. ऐकू आलं.
कसं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पण आलं ते रखडत, अडखळत,
आणि बैठक बसली.
चुलीभोवती कडू मातेचं भांडं फिरत होतं,
एकच नळी, अकरा तोंडं.
वहीत होतं ते नुसतं उणं.
दुणं तिथं निघालं.

तराफ्यांचा मालक एल्सिओ कार्कामो म्हणाला,
म्हाताऱ्याचा एक शब्द पोचेस्तोवर
आमचे शंभर खोळंबतात. तोडा त्याला.
बार्रिया बहिणी चुलीत बघत राहिल्या.
शाळेच्या बाईंनी भांडं पुढं सरकवलं.

आउसबेर्तो दाराशी, बूट ओले.
मला काय लागतं?
भरती-ओहोटीचे आकडे,
आणि पुंता आरेनासहून मुलीचा निरोप.
चार शब्द.

चारच, कार्कामो म्हणाला, पण केवढे लांब!

एर्सिरानं नळी तोंडातून काढली.
चूक माझी आहे.
इतके दिवस मी शब्द मोजून वाटत होते.
आता वेळ मोजते. सातही जणांना सारखा.
तुझ्या वाट्याच्या वेळात तू घोडा पळव,
त्याच्या वाट्याच्या वेळात तो चालेल.

आणि नाही मावले त्याचे चार शब्द, तर?

दोन आज. दोन उद्या.

कोणी हात वर केला नाही,
कोणी खालीही बघितलं नाही.
भांडं कार्कामोपाशी आलं,
तो जरा जास्तच वेळ ओढत बसला.
त्यावर कोणी काही बोललं नाही.

त्या रात्री शिडी ओली होती.
वर गेलो तर वारा घंटेला टेकून उभा.
तिनं बदललं ते एका ओळीएवढं,
आणि बोटं काखेत घालून
सात हिरव्या ठिपक्यांकडं बघत बसली.
मी विचारलं, झालं?
ती म्हणाली, थांब, त्याची पाळी येऊ दे.

सकाळी कार्कामोच्या तराफ्यांची चित्रं स्वच्छ दिसली.
आभार मानले नाहीत त्यानं,
शिंपल्यांचं एक पोतं तेवढं सापडलं,
ते पण माझ्या दारात.

आउसबेर्तोला ओहोटीचे आकडे वेळेवर पोचले.
भरतीचे पोचले तेव्हा
भरती येऊन गेली होती.
ती दिसली मला, तो म्हणाला,
खिडकीतून.